एकतिसावा प्रश्न

माझं माहेर वाशिंदचं. वडील तिथल्या एका कारखान्यात, घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, नळाला दोन वेळा पाणी. लग्न होऊन मुरबाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावात आले तेव्हा मला डोक्यावर कळशी घेता येत नाही हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि गावाला ते पुढे दोन वर्षं पुरलं. विहिरीवर बायका मला बघून आधीच बाजूला व्हायच्या, पाणी सांडणार म्हणून. सासूबाई मात्र कधी हसल्या नाहीत. डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन त्या पुढे चालायच्या आणि मी एक बादली दोन्ही हातांनी धरून मागे.

अशी अकरा वर्षं गेली. दोन मुली झाल्या, दोघी शाळेत जायला लागल्या. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा. माझी बी.ए.ची पदवी कपाटात साड्यांच्या खाली होती. अशात एक दिवस गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई सांगत आल्या की मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजचं संशोधन शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सुरू होतंय, बायकांच्या आरोग्यावर, आणि घरोघर जाऊन माहिती घ्यायला त्यांना इथल्याच शिकलेल्या बायका हव्यात. मी अर्ज केला. मुलाखत शहापूरला होती. ह्या कामाच्या प्रमुख म्हणजे पन्नाशीतल्या एक डॉक्टर, बायकांच्या आजारांच्या तज्ज्ञ, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पुढे आम्ही सगळ्याजणी त्यांना नुसतं मॅडम म्हणायला लागलो. त्यांनी मला एवढंच विचारलं, "चालायची सवय आहे?"

मी हो म्हटलं. बादलीचं काही बोलले नाही.

शहापूरला चार दिवस शिकवणी झाली. आम्ही दहाजणी होतो. संमतीपत्र कसं वाचून दाखवायचं, बाई नको म्हणाली तर हसून कसं उठायचं, तिच्या तोंडात उत्तर कसं घालायचं नाही, हे सगळं आम्ही एकमेकींवर करून बघितलं. मुलाखत एकांतात घ्यायची, नवरा-सासू कुणी जवळ नको, हा पक्का नियम. प्रत्येकीला एक टॅब मिळाला. त्यात प्रश्न होते. वय किती, मुलं किती, पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, लघवीची जळजळ. बायका कोणता त्रास किती वर्षं कुणाला न सांगता सोसतात आणि त्यातल्या कशावर गावाच्या जवळच उपाय करता येईल, हे मॅडमना शोधायचं होतं. एकतिसावा प्रश्न असा होता: "गर्भाशय खाली सरकल्याची लक्षणे आपल्याला जाणवतात का?"

पहिल्याच दिवशी अडचण आली ती कुत्र्यांची. माझ्याकडे आलेल्या पाड्यांपैकी निम्म्यांना रस्ता नव्हता, पायवाट होती, आणि प्रत्येक पायवाटेच्या शेवटी एक कुत्रा. मी चप्पल हातात घेऊन घरी परतले. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "उद्या मी येतं. माला वळखतात समदे."

माणसं ओळखतात असं त्यांना म्हणायचं होतं की कुत्रे, ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून कुत्रे भुंकले नाहीत. आमचं ठरलं होतं. मी घरात बसून मुलाखत घ्यायची आणि त्या लांब झाडाखाली बसायच्या, नियमाप्रमाणे. त्या खरं तर बसायच्या नाहीत. झाडाला टेकून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, घाई दाखवतायत.

महिन्याभराने शहापूरला बैठक झाली. मॅडमनी आमच्या सगळ्यांचे आकडे भिंतीवर दाखवले. बाकीच्या प्रश्नांना हो होते, नाही होते. एकतिसाव्याखाली वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही.

"एकही नाही?" मॅडम म्हणाल्या. "ह्या बायका पाणी, लाकडाच्या मोळ्या, भाताचे भारे डोक्यावरून नेतात. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत कामाला लागतात. आणि एकीलाही हा त्रास नाही?"

मी तर प्रश्न अगदी नीट वाचत होते, शाळेत धडा वाचावा तसा.

घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता मी हे सासूबाईंना सांगितलं. बायकांची नावं सांगायची मनाई होती, प्रश्न सांगायला हरकत नव्हती. त्या भाकरी थापत होत्या.

"कसा इचारतेस, बोलून दाखव."

मी बोलून दाखवला.

"यातला एक शबूद आमाला कळत नाय गो," त्या म्हणाल्या. "गर्भाशय ते पुस्तकात. तू इचार, अंग येतं का."

"म्हणजे काय?"

"तुला नाय कळलं तरी चालंल. बाईला कळंल." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी एका पाड्यावर साठीच्या एका बाईंची मुलाखत होती. एकतिसावा प्रश्न मी टॅबवर होता तसा वाचला. त्या म्हणाल्या, नाय. मी तसं नोंदवलं. सगळे प्रश्न संपवले, टॅब पिशवीत ठेवला आणि उठता उठता विचारलं, "मावशी, अंग येतं का?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "येतं की."

"कधीपासून?"

"धाकट्याच्या येळंपासून. आता त्याची पोरं शाळेत जातात."

"मग मघाशी नाही कशा म्हणालात?"

"मघाशी तू दुसरंच काय तरी इचारत व्हतीस."

मग त्या बोलायला लागल्या. ओझं उचललं की मांसाचा गोळा खाली उतरतो, चालताना घासतो, लघवीला बसलं की सुटत नाही. त्या हातानं आत लोटून पुन्हा कामाला लागायच्या. कोरडं फडकं घडी करून लावायच्या. नवऱ्याला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. मला का सांगितलं, तर मी विचारलं म्हणून.

आमच्या गावात फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, देवळामागच्या कातळावर. तिथे उभी राहून मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "परत सांगा. हळू सांगा. मी लिहून घेते आहे."

पुढच्या बैठकीत बाकीच्याजणींनीही तोच अनुभव सांगितला. मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी घरी जाऊन आपापल्या आयांना, मावश्यांना विचारलं होतं. संशोधनातला प्रश्न असा मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. त्यासाठी कॉलेजच्या समितीची परवानगी लागते. काही आठवडे त्यात गेले. मी सासूबाईंना सांगितलं की तुमचे शब्द मुंबईला समितीपुढे गेलेत.

"माज्या शब्दाला परवानगी लागते?"

"लागते. मोठे मोठे डॉक्टर बसून वाचतात."

"आगो बया," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. हे कुणाला सांगू नकोस असंही म्हणाल्या. सरळगावच्या बाजाराहून परत येईपर्यंत त्यांनीच चार गावच्या बायकांना सांगून झालं होतं.

परवानगी आली, टॅबवर नवा प्रश्न आला. पुन्हा घरोघर जायचं होतं. त्याआधी एकदा तोंडी सराव करावा म्हणून मी सासूबाईंना ओटीवर बसवलं. त्या सुपात तांदूळ घेऊन पाखडत होत्या. मी पहिल्यापासून सुरुवात केली. वय किती? "तुज्या सासऱ्याला इचार, त्यानं लगीन करून आनली." दिवसातून किती वेळा जेवता? "तू वाढशील तेवढ्या येळा." असं करत आम्ही हसत हसत एकतिसाव्यापर्यंत आलो.

"काम करताना, ओझं उचलताना किंवा खोकताना अंग बाहेर येतं का?"

सूप थांबलं.

मी वर बघितलं. त्या अंगणाकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "येतं."

मी अकरा वर्षं त्या घरात होते. त्या कपडे धुवायला कधी उकिडव्या बसत नाहीत, दगडावर बसतात, हे मी रोज बघत होते. खोकला आला की हात पोटाखाली धरतात. जीपमध्ये जागा असली तरी मागे दांडी धरून उभ्या राहतात. लग्नाकार्याला जायचं म्हटलं की काही ना काही कारण काढून घरी राहतात. ह्यावरून मी माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं की बाई कडक आहे, हिला कशाची हौस नाही. वाशिंदला जाऊन माझ्या आईला तसं सांगितलंही होतं, दोन-तीनदा, रंगवून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुज्या धाकट्या नणंदेच्या वक्ताला. धाव्या दिवशी लावणीला गेले. चिखलातच कळलं काय तरी झालं."

माझ्या धाकट्या नणंदेला आता दोन मुलं आहेत.

"आणि तेव्हापासून दोन दोन कळश्या?"

"मंग पानी कोन आनील? तू?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. मला हसू येत होतं आणि रडूही. मी टॅब बंद केला. घरच्या माणसाची नोंद आपण घ्यायची नाही असा नियम होता. तसं सांगितल्यावर त्या चिडल्या. "आता तुला सांगितलं ना? परत दुसरीला कशाला?" पण किन्हवलीकडची माझी एक सहकारी एसटीने आली, दोघींनी दार लावून घेतलं, आणि मी लांब पेंढ्याच्या उडव्याजवळ जाऊन बसले. आतून मध्येच हसण्याचा आवाज येत होता. माझ्या मुलाखतीत कुणी इतकं हसलं नव्हतं.

लावणी उरकल्यावर आमच्या आरोग्य उपकेंद्रावर तपासणी ठेवली. मॅडम स्वतः येणार होत्या. ज्यांनी हो सांगितलं होतं त्या सगळ्यांना निरोप गेले. सासूबाई म्हणाल्या, मी येत नाय. खूप खोदून विचारल्यावर कारण कळलं. पलीकडच्या गावातल्या कुणाची तरी गर्भाची पिशवी काढली होती, आणि तपासायला गेलं की पिशवी काढतातच, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

मी समजावून थकले. शेवटी त्यांना नेलं ते दुसऱ्याच बाईने. आमच्या गावाच्या टोकाला कातकरी वाडी आहे. जमीन कुणालाच नाही. पावसात आमच्याकडच्या शेतांवर मजुरी, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. त्या वाडीतली एक बाई, चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, लावणीत सासूबाईंच्या शेजारी उभं राहून वीस वर्षं काम केलेली. तिलाही निरोप गेला होता. ती सकाळीच अंगणात येऊन उभी राहिली.

"काकी, तू येशील तं मी जाईन."

"आन मी नाय आले तं?"

"तं मी पन नाय."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुला पन येतं?"

"दोन बाळंतपनं झाली तवापासून."

"एका बांधावर वीस वरसं उभ्या व्हतो गो. बोलली नायस कधी."

"तू तरी कुठं बोललीस?"

त्या आत जाऊन लुगडं बदलून आल्या. सासऱ्यांनी ओटीवरून विचारलं, कुठे निघालात सगळ्या? "डोळं तपासायला," सासूबाई म्हणाल्या. वाटेत आणखी सहाजणी मिळाल्या आणि आम्ही ओळीने उपकेंद्राकडे उतरलो. सासरे तेव्हापासून चष्म्याची वाट बघायला लागले.

मॅडमनी पहिल्यांदा कुणालाच तपासलं नाही. आठहीजणींना सतरंजीवर बसवून त्यांनी आपल्या बॅगेतून एक रबरासारखी मऊ कडी काढली, बांगडीएवढी, आणि हातोहात फिरवायला दिली. ही आत बसवली की ती वरचा भार तोलून धरते, अंग खाली उतरत नाही, असं समजावलं. रिंग म्हणतात तिला. अधूनमधून काढून, धुऊन परत बसवायची, ते शिकवू. कुणाचीही पिशवी न विचारता काढायची नाही. जिचा त्रास फार वाढलाय तिला ऑपरेशनचा सल्ला देऊ, पण ठरवायचं तिनेच.

रिंग सासूबाईंच्या हातात आली. त्यांनी ती दाबून बघितली, उलटी करून बघितली.

"ही तं चुंबळ," त्या म्हणाल्या. "डोक्यावरची खाली आनली."

वाडीतली ती बाई इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं, आणि ती हसते म्हणून बाकीच्या हसल्या. कळशीखाली डोक्यावर ठेवायची फडक्याची चुंबळ मॅडमना माहीत नव्हती. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी पदराची करून दाखवली. मॅडमनी तीही वहीत लिहून घेतली. त्यानंतर आमच्या भागात त्या रिंगेला कुणी रिंग म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पहिली तपासणी वाडीतल्या बाईची झाली, दुसरी सासूबाईंची. रिंग बसवल्यावर उपकेंद्राच्या आवारात चालून बघायचं, पायऱ्या चढायच्या, उकिडवं बसायचं, खोकायचं, असं सांगितलं होतं. सासूबाईंना बसवलेली पहिली रिंग पायऱ्यांवरच निसटली. त्यांचा चेहरा पडला. "माज्या नशिबात नाय," म्हणून त्या घरी निघाल्याही. मॅडम म्हणाल्या, चप्पल तरी पहिल्या मापाची बसते का? मग एक माप मोठी बसवली. ह्या वेळी त्या चालल्या, पायऱ्या चढल्या, उतरल्या, अंगणात मधोमध उकिडव्या बसल्या आणि जोरात खोकल्या. आवाराबाहेर चरणारी म्हैस दचकली.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"कायच नाय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, आश्चर्याने, "अगो, कायच नाय वाटत."

आठजणींपैकी एकीला ऑपरेशनचाच सल्ला मिळाला; तिने पुढे कार्तिकात ते करून घेतलं आणि ती बरी आहे. एकीला रिंग सोसली नाही, तिला फक्त व्यायाम शिकवले. बाकीच्या मापं बदलत बदलत स्थिरावल्या.

निघताना मॅडमनी सांगितलं होतं, काही दिवस जड उचलायचं नाही. हे सासऱ्यांना सांगावं लागणार होतं. मी आणि माझा नवरा, कसं सांगायचं ह्यावर कुजबुजत बसलो. तेवढ्यात जेवण वाढता वाढता सासूबाईंनीच सांगून टाकलं. डोळ्यांचं खोटं होतं, अंग येत होतं, धाकटीच्या वक्तापासून, आता चुंबळ बसवलीय, पाणी आणायचं नाही.

सासरे खाली बघून जेवत राहिले. हात धुतले, बाहेर जाऊन बसले. रागावले असं मला वाटलं. सकाळी मी उठले तर अंगणात त्यांची जुनी सायकल उलटी ठेवलेली आणि ते चाकाला तेल घालत होते. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन बांधले आणि विहिरीकडे निघाले. पहिल्या दिवशी विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या, दुसऱ्या दिवशी हसल्या, आणि पंधरा दिवसांत आणखी तीन सायकली दिसायला लागल्या. सासूबाईंना पुढे हलकं काम करायची मुभा मिळाली तरी पाणी त्यांच्याकडे परत आलं नाही. सासऱ्यांनी कधी ह्यावर एक शब्द काढला नाही. चष्म्याबद्दल मात्र एकदा विचारलं.

नवरात्रात सासूबाई म्हणाल्या, उंबरमाळीला जाऊ. तिथे त्यांची मोठी बहीण राहते, जंगलाच्या कडेला. तिच्याकडे त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. आम्ही मुरबाडहून शहापूरची एसटी पकडली. त्या खिडकीजवळ बसल्या, मांडीवर पिशवी, आणि शहापूर येईपर्यंत एकदाही उठल्या नाहीत. पुढे आसनगावहून लोकलने. बहिणीकडे पोचून चहा होतो न होतो तोच त्यांनी तिला मागच्या पडवीत नेलं. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. दोघींचे डोळे लाल होते. बहिणीने, म्हणजे आमच्या मावशींनी, मला जवळ बोलावून विचारलं, "शापूरला कधी बोलावतील?"

दिवाळी झाली. वाडी रिकामी झाली. आमच्या कामात एक अवघड भाग असतो, ज्यांना उपाय दिलाय त्यांना ठरलेल्या वेळी पुन्हा भेटायचं. वाडीतल्या बाईची तपासणीची तारीख आली तेव्हा ती वीटभट्टीवर होती, भिवंडीच्या बाजूला कुठेतरी. तीन महिने रिंग आत आहे आणि बघायला कुणी नाही, ह्याची मला धास्ती वाटत होती. वाडीत राहिलेल्या एका म्हाताऱ्याने भट्टीचा अंदाजे पत्ता सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "चल."

दोन गाड्या बदलून आणि तीन भट्ट्या चुकून दुपारी आम्ही पोचलो. ती विटा थापत होती. आम्हाला बघून हातातला साचा खाली ठेवून आली. तिची झोपडी म्हणजे कच्च्या विटा रचून वर ताडपत्री. आत तिने मला एक स्टीलचा डबा दाखवला. त्यात साबणाची वडी आणि एक स्वच्छ धुतलेलं फडकं.

"आईतवारी काडतं, उकळून गार केल्या पान्यात धुतं, घालतं," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलं तसंच. इथं दोघी-तिघींना पन दाखवलं."

"काय दाखवलं?"

ती बाहेर गेली आणि तीन बायकांना घेऊन आली. एक वाडा तालुक्यातली, दोघी जव्हारच्या. सगळ्यांना तोच त्रास. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी टॅब काढायला पिशवीत हात घातला आणि थांबले. आमचं संशोधन दोन तालुक्यांपुरतं होतं. ह्या त्यात बसत नव्हत्या. मी तसं सांगितलं. सांगताना मलाच बरं वाटत नव्हतं.

सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला. "मॅडमला लाव."

मी लावून दिला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "हितं तीन बाया उभ्या हायत. तुमच्या यादीत नायत म्हने. अंगाला यादी कळत नाय."

तिकडून मॅडम काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई नुसत्या हं, हं करत होत्या. मग फोन माझ्याकडे आला. मॅडमचं म्हणणं असं होतं की संशोधनात घेता येणार नाही, पण उपचाराला यादी लागत नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्या ओळखीची एक डॉक्टर होती. तिचा तपासणीचा दिवस त्यांनी विचारून कळवला. भट्टीच्या मुकादमाला सासूबाईंनीच गाठलं आणि चौघींसाठी एका दिवसाची सुट्टी मागितली. कशासाठी, असं त्याने विचारलं. "डोळं तपासायला," त्या म्हणाल्या. ठरलेल्या दिवशी चौघी मिळून गेल्या. त्यांच्यात वाडीतल्या बाईचीही तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी तिला म्हणे विचारलं की तुम्ही नर्स आहात का.

गेल्या वर्षी संशोधन संपलं. त्या शेवटच्या आठवड्यात मॅडम आमच्या शाळेत आल्या आणि काय निघालं ते बायकांना सांगितलं. त्यांना असं दिसलं होतं की रिंग डॉक्टरकडून बसवून घेतली तरी पुढे ती टिकते ती शेजारची बाई बरोबर असली की. जिथे एकीने दुसरीला शिकवलं तिथे फारच थोड्याजणींनी ती सोडून दिली. हे आता त्या लिहून डॉक्टरांच्या मासिकात छापणार होत्या, आणि त्यात आमचे शब्दही असणार होते, आमच्या भाषेत.

"मंग तुमी आता येनार नाय?" एकीने विचारलं.

"मी कमी येईन," मॅडम म्हणाल्या. "नर्सबाई शिकल्यात. आणि तुम्ही इतक्याजणी आहात."

आता दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी उपकेंद्रावर तपासणी असते. मला तिथेच मदतनीस म्हणून काम मिळालं आहे. नव्या आलेल्या बाया दारातून आत डोकावतात आणि परत फिरायला बघतात. त्यांच्यासाठी सासूबाई बाहेर कट्ट्यावर बसलेल्या असतात, आणि पावसाळ्यात वाडीतली ती बाईही. दोघी काय सांगतात ते मी कधी जाऊन ऐकलं नाही. बाई आत येते तेव्हा बहुतेक वेळा हसत असते.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी सासूबाईंना विचारलं. त्या शेंगा निवडत होत्या.

"लिव्ह," त्या म्हणाल्या. "पन नाव नको घालू."

"लाज वाटते?"

"लाज कसली? माजं घातलंस तं बाकीच्या सगळ्या भांडत येतील, आमचं का नाय घातलं म्हनून."